हिरवट लाल

रातांबे काढायला मामा मला बरोबर न्यायचे ते माझ्या डोळ्यांसाठी. एप्रिल संपत आला की परसातलं झाड गर्द हिरव्या पानांनी भरलेलं असायचं आणि त्या पानांआड पिकलेले रातांबे लालभडक लोंबत असायचे. मला ते अंगणातूनच दिसत. मामांना दिसत नसत. "कुठे रे? बोट दाखव," म्हणत ते काठी तिकडे वळवायचे. फळ एकदा हातात आलं की पिकलंय की कच्चं हे त्यांना दाबून, हुंगून लगेच कळायचं. पानांतून शोधणं तेवढं जमत नसे. घरात सगळे म्हणायचे, मामांची नजर जरा कमी आहे. नजर बिलकूल कमी नव्हती, सुईत दोरा ते पहिल्या खेपेला ओवत.

पुढे कॉलेजात लाल-हिरव्याचा रंगांधळेपणा शिकलो तेव्हा उलगडा झाला. हा वारसा आजीकडून मामांकडे आला होता. आईकडे आला की नाही हे तिला कधी कळलं नसतं, माझ्यापर्यंत मात्र पोचला नाही. सुट्टीत गेलो तेव्हा मी मामांना हे सगळं उत्साहाने समजावून सांगितलं. त्यांनी ऐकून घेतलं आणि विचारलं, "मग तुला लाल दिसतो म्हणजे नेमकं काय दिसतं रे?" मी म्हणालो, निखाऱ्यासारखं. ते म्हणाले, "निखारा मलाही दिसतो."

मामा कुंकवाला लालच म्हणत, पानाला हिरवंच. नावं आम्हा दोघांची एकच होती. गेली काही वर्षं रंगदृष्टीच्या संशोधनाचा इतिहास वाचताना हे संभाषण सारखं आठवतं. माझ्या वाचनात तो इतिहास असा दिसतो: डोळ्यात आणि मेंदूत काहीतरी सापडतं, त्यावर कुणीतरी 'लाल' किंवा 'हिरवा' अशी चिठ्ठी चिकटवतं, आणि पुढच्या पिढीचा बराच वेळ ती चिठ्ठी खरवडून काढण्यात जातो.

सुरुवात करणाऱ्याने खरं तर सावध केलं होतं. किरणांना स्वतःचा रंग नसतो, आपल्यात रंगाची जाणीव उठवण्याची शक्ती तेवढी त्यांच्यात असते, असं न्यूटनने 1704 सालच्या 'ऑप्टिक्स'मध्ये लिहून ठेवलं. पण नावांचा मोह त्यालाही आवरला नाही. वर्णपटात त्याने आधी पाच रंग मोजले होते. संगीतातल्या सुरांशी मेळ बसावा म्हणून पुढे ते सात केले. आपण शाळेत 'तानापिहिनिपाजा' घोकतो, त्यातले 'ना' आणि 'पा' असे सुरांच्या हट्टापायी आत आले आहेत.

शंभरेक वर्षांनी, 1801 मध्ये, टॉमस यंग नावाच्या लंडनच्या तरुण डॉक्टरने रॉयल सोसायटीपुढे एक साधा हिशेब मांडला. रंगाच्या छटा अगणित, आणि दृष्टिपटलावरचा एकेक ठिपका केवढासा. प्रत्येक छटेसाठी वेगळा कण तिथे मावणार कसा? तेव्हा कण मोजकेच असणार. धरून चालू, तीन. कोणत्या रंगांचे? आधी तो म्हणाला लाल, पिवळा, निळा. वर्षभरात बदलून म्हणाला लाल, हिरवा, जांभळा. डोळ्यातली एकही पेशी न बघता केलेला हा हिशेब बरोबर निघाला. आकडा टिकला, नावं टिकली नाहीत.

त्याच काळात मँचेस्टरला अणुसिद्धान्तवाला जॉन डाल्टन होता. दिवसा त्याला आभाळी निळं दिसणारं जिरेनियमचं फूल मेणबत्तीच्या उजेडात तांबडं दिसलं, आणि इतरांना तसा काही बदल दिसत नाही हे कळल्यावर तो चपापला. 1794 मध्ये त्याने स्वतःच्या दृष्टीवर निबंध वाचला. आपल्या डोळ्यातला द्रव निळा असावा, असा त्याचा तर्क होता. मेल्यावर डोळे कापून खात्री करा, असं त्याने सांगून ठेवलं होतं. 1844 मध्ये तो गेला, डॉक्टरने डोळा उघडला, द्रव पाण्यासारखा नितळ निघाला. यंगने 1807 मध्येच दुसरं कारण सुचवलं होतं: डाल्टनच्या डोळ्यात 'लाल' तंतू नसतील. डोळ्यांचे अवशेष मँचेस्टरला जपून ठेवले होते. 1995 मध्ये त्यातून डीएनए काढून तपासला तेव्हा गहाळ निघालं ते यंग ज्याला हिरवं म्हणाला असता ते, मधल्या तरंगलांबीचं रंगद्रव्य. चिठ्ठीने दिलेला हा पहिला चकवा.

मॅक्सवेलने फिरत्या चकत्यांवर रंग मिसळून आणि हेल्महोल्ट्सने जाडजूड ग्रंथ लिहून यंगचा तिनाचा आकडा पक्का केला. मग प्रागमध्ये एवाल्ड हेरिंग उभा राहिला. 1870च्या दशकात त्याने घेतलेली हरकत मला फार आवडते, कारण ती प्रयोगशाळेविना घरबसल्या तपासता येते. तो म्हणाला, तुम्ही कण मोजताय, मी रंग कसे दिसतात ते बघतोय. पिवळा मला कशाचं मिश्रण वाटत नाही. आणि काही जोड्या एकत्र नांदतच नाहीत.

मराठीत हे करून बघा. पिवळसर हिरवा म्हटलं की पोपटी डोळ्यांपुढे येतो. निळसर हिरवा म्हणजे मोरपंखी, तांबूस पिवळा म्हणजे केशरी, निळसर तांबडा म्हणजे जांभळ्याच्या घरातला कुठलातरी. आता म्हणा, 'हिरवट लाल'. जीभ वळते, डोळ्यांपुढे काहीच येत नाही. ('हिरवट' हा शब्द मराठीने भलत्याच कामाला जुंपला आहे, ते सोडा.) पिवळट निळ्याचीही तीच गत. रातांबा हिरव्याचा लाल होताना एका बाजूला हिरवा, दुसऱ्या बाजूला लाल दिसतो, पण एकाच ठिपक्यावर दोन्ही कधी दिसत नाहीत. हेरिंगने यावरून काढलं की आत कुठेतरी हे रंग तराजूच्या दोन पारड्यांसारखे बसवलेले असले पाहिजेत: लाल-हिरवा एक तराजू, पिवळा-निळा दुसरा. एक पारडं खाली गेलं की दुसरं वर जाणारच.

दुसरा पुरावा तो डोळ्यांत उमटणाऱ्या प्रतिरंगाचा देई. आमच्या घरी आरशाच्या कोपऱ्यात लाल टिकल्या चिकटवलेल्या असतात. त्यातली एक पांढऱ्या कागदावर लावून अर्धा मिनिट टक लावून बघायचं आणि मग कोऱ्या भिंतीकडे. तिथे एक गोल ठिपका तरंगतो. 'लालाच्या जागी हिरवा दिसतो', असं पुस्तकं सांगतात. मी बऱ्याचदा करून पाहिलं आहे. तो हिरवा नाही. तो निळ्याकडे झुकलेला, मोरपंखीसारखा असतो. याचा अर्थ मला पुष्कळ उशिरा कळला.

हेल्महोल्ट्स आणि हेरिंगच्या अनुयायांचं भांडण पाऊणशे वर्षं चाललं. मिटवायला आली ती बारीक टोकाची विद्युत्-सुई. 1950च्या दशकात गुन्नार स्वेटिचिनने माशाच्या दृष्टिपटलात ती खुपसली, तेव्हा काही पेशींचा विद्युत्-दाब एका प्रकाशाला चढत होता आणि दुसऱ्याला उतरत होता. त्या शंकुपेशी, म्हणजे यंगच्या हिशेबातले प्रकाश टिपणारे कण, आहेत असं समजून त्याने शोधनिबंध छापला. प्रत्यक्षात त्या शेजारच्याच दुसऱ्या पेशी निघाल्या. घर चुकलं, पण मिळालेली वस्तू अस्सल होती. त्याच दशकाच्या अखेरीस अमेरिकेत रसेल डी व्हॅलॉय मॅकाक माकडांच्या मेंदूत उतरला. डोळ्यातून निघालेल्या तारा मेंदूच्या मागच्या टोकाला जाण्याआधी वाटेत एका सहा थरांच्या ठाण्यावर थांबतात, त्याचं नाव एलजीएन. तिथली चेतापेशी काही दाखवलं नाही तरी अधूनमधून टिकटिकत असते. स्पीकर जोडला की तव्यावर मोहरी तडतडावी तसा आवाज येतो. लाल उजेड टाकला, तडतड वाढली. हिरवा टाकला, पेशी चिडीचूप. शेजारची पेशी नेमकी उलटी. काही पेशी निळ्या-पिवळ्याबाबत तशाच. 1966 मध्ये डी व्हॅलॉय आणि सहकाऱ्यांनी त्यांची नीट वर्गवारी छापली, 'लाल चढता, हिरवा उतरता' अशा नावांनी.

हेरिंगचा तराजू सापडला! तीन शंकुपेशी यंगच्या, पुढच्या टप्प्यावरचे दोन तराजू हेरिंगचे. दोघंही बरोबर. पाठ्यपुस्तकांना असा समेट फार मानवतो. आजही शिकवण्यांच्या चिठ्ठ्यांपासून ते जाडजूड ग्रंथांपर्यंत तो तसाच छापलेला सापडतो. मीही परीक्षेत तेच लिहून गुण मिळवले.

समेटाच्या एका टोकाची चिठ्ठी त्याच सुमारास सुटायला लागली होती. 1964 मध्ये जॉन्स हॉपकिन्स आणि हार्वर्डमधल्या दोन गटांनी माणसाच्या आणि माकडाच्या एकेका शंकुपेशीतून प्रकाशाची तिरीप सोडून ती काय शोषते ते मोजलं. पेशींचे प्रकार तीनच निघाले. आज मान्य आकडे साधारण 420, 530 आणि 560 नॅनोमीटर असे आहेत. यातल्या 560ला सगळे 'लाल' पेशी म्हणत, आणि 560 नॅनोमीटरचा प्रकाश आपल्याला दिसतो पोपटी-पिवळा. 'लाल' पेशीला सर्वांत आवडणारा प्रकाश लाल नाहीच. तिच्यात आणि 'हिरवी'त अंतर अवघं तीस नॅनोमीटरचं. त्यांची जनुकं 1986 मध्ये जेरेमी नेथन्सने शोधली तेव्हा ती एक्स गुणसूत्रावर शेजारी शेजारी बसलेली आणि जुळ्या भावांइतकी सारखी निघाली. मामांचा सगळा मामला तिथला. संशोधकांनी नावं बदलून आखूड, मध्यम आणि लांब तरंगलांबीच्या पेशी असं म्हणायला सुरुवात केली. रुक्ष नावं आहेत, पण प्रामाणिक.

केंब्रिजच्या विल्यम रश्टनने 1972 मध्ये यामागचं तत्त्व नेमकं बांधलं. शंकुपेशी ही देवळातली दानपेटी. नाणं आत पडलं की पडलं. कुणी टाकलं, कुठल्या गावचं, हे पेटीला ठाऊक नसतं. अमुक तरंगलांबीचा प्रकाशकण शोषला जाण्याची शक्यता कमी-जास्त असते, पण शोषला गेल्यावर पेशी फक्त गणती वाढवते. म्हणजे एकटी शंकुपेशी रंगांधळीच. दोन पेट्यांची बेरीज-वजाबाकी करणारा कुणी पुजारी मागे बसला असेल तरच रंगाची गोष्ट सुरू होते.

हा पुजारी कोण, आणि त्याला कुणी नेमलं? माझ्या मते सगळ्या कथेतला सर्वांत मजेदार भाग हाच. दृष्टिपटलाच्या मध्यभागी, जिथे आपण वाचताना नजर रोखतो, तिथे मेंदूकडे तारा पाठवणाऱ्या बुटक्या पेशींची दाटी असते. प्रत्येकीच्या केंद्राला एकेकच शंकुपेशी जोडलेली, आणि भोवतीच्या शेजाऱ्यांचा वाटा त्यातून वजा. ही व्यवस्था बारकावा टिपण्यासाठी आहे, कडा धारदार दिसाव्यात म्हणून. पुढे तीनचार कोटी वर्षांपूर्वी आफ्रिका-आशियातल्या माकडांच्या पूर्वजांत एक जनुक दुप्पट झालं आणि दोन किंचित वेगळ्या शंकुपेशी निर्माण झाल्या. आता केंद्रात एक प्रकार, भोवती बहुधा दुसरा किंवा मिश्रण: म्हणजे वजाबाकी आपोआप रंगाची झाली. नवी तार ओढावी लागली नाही. ही तार खरोखर अशी आंधळेपणाने जुळली की डोळा शेजारी निवडून घेतो, यावर वाद अजून आहे. पण 1999 मध्ये रुर्डा आणि विल्यम्स यांनी जिवंत माणसांच्या डोळ्यांतले शंकू एकेक करून नकाशावर मांडले, तेव्हा दोन प्रकार सोंगट्यांसारखे नीट मांडलेले निघाले नाहीत, मूठभर तांदळात डाळ मिसळावी तसे पसरलेले होते. दोन माणसांपैकी एकाकडे दोन्ही जवळपास सारखे, दुसऱ्याकडे लांबवाले जवळजवळ चौपट. दोघांचीही रंगदृष्टी चारचौघांसारखी.

आणि हे सारं फळांसाठी घडलं असावं, असं पुष्कळांचं मत आहे: हिरव्या पानांत पिकलेलं फळ किंवा कोवळी तांबूस पालवी दिसावी म्हणून. सगळ्यांना ते पटतं असं नाही. आमच्या परसात मात्र प्रात्यक्षिक रोज चाले. प्रयोगशाळांतल्या मॅकाकचीच भावकी असलेली कोकणातली लाल तोंडाची माकडं मामांच्या आधी रातांब्यांवर पोचत, आणि पिकलेलेच नेमके तोडत.

आता समेटाचं दुसरं टोक. 1984 मध्ये डेरिंग्टन, क्राउसकॉफ आणि लेनी यांनी मॅकाकच्या एलजीएनमधल्या पेशींना 'लाल दाखव, हिरवा दाखव' असं न करता रंगांच्या सगळ्या दिशा फिरवून दाखवल्या आणि पेशी कोणत्या दिशेला सर्वांत जास्त तडतडते, कोणत्या दिशेला तटस्थ राहते ते मोजलं. दोन ठळक तराजू खरोखर निघाले. पण त्यांची पारडी हेरिंगची नव्हती. एका तराजूत लांब वजा मध्यम: त्याचं एक टोक गुलाबीसर लाल, दुसरं निळसर हिरवं. दुसऱ्यात आखूड एका बाजूला आणि बाकीचे दोन दुसऱ्या बाजूला: एक टोक जांभळट, दुसरं पोपटी. शुद्ध पिवळा, शुद्ध निळा कुठल्याच टोकाला नाही, मधेच कुठेतरी तिरपे. आरशावरच्या टिकलीने मला मोरपंखी ठिपका दाखवला होता तो या नव्या पारड्याशी कितीतरी जास्त जुळणारा. मी पुस्तकाचं ऐकत होतो, भिंतीचं नाही.

म्हणजे डी व्हॅलॉयच्या सुईने सांगितलं ते खोटं नव्हतं. पेशी लाल प्रकाशाला चढत होत्या, हिरव्याला उतरत होत्या. फक्त त्यांना लाल-हिरव्याशी कर्तव्य नव्हतं. हेरिंगची नावं हाताशी होती, ती डकवली गेली. पुढे 1994 मध्ये डेनिस डेसी आणि बॅरी ली यांनी 'निळ्या' तराजूची पेशी दृष्टिपटलातच पकडली. बुटक्या पेशींहून ती निराळी, दोन थरांत फांद्या पसरलेली. हा तराजू बहुतेक सस्तन प्राण्यांत आढळणारा, फार जुना. लांब-मध्यमचा त्यामानाने कालचा पोर.

मग शुद्ध पिवळा कुठे असतो? साहजिकच सगळे आणखी आत, मेंदूच्या बाह्यकाकडे वळले. तिथला प्रवास मी थोडक्यात उरकतो, कारण त्यात बऱ्याच जोशात केलेल्या घोषणा आहेत. 1984 मध्ये लिव्हिंगस्टन आणि ह्यूबेल यांनी पहिल्या दृश्यक्षेत्रातले काही ठिपके रंगाचे म्हणून वेगळे काढले. 2001 मध्ये जॉन्सन, हॉकन आणि शॅप्ली यांना दिसलं की तिथल्या पुष्कळ पेशी रंग आणि उजेड दोन्हींना प्रतिसाद देतात, वाटण्या तितक्या स्वच्छ नाहीत. सेमिर झेकी यांनी 1973पासून व्ही-फोर नावाच्या भागाला रंगाचं केंद्र म्हटलं. त्यांचा एक प्रयोग मात्र लक्षात राहण्यासारखा आहे. रंगीत कागदांचे चौकोन लावून, उजेड असा बदलायचा की हिरव्या कागदाकडून डोळ्यात येणारा प्रकाश मघाच्या लाल कागदाइतकाच व्हावा. माणसाला हिरवा कागद तरी हिरवाच दिसतो. व्ही-फोरमधल्या काही पेशी माकडातही तसंच वागल्या: प्रकाश काय आला याची पर्वा न करता माणूस जो रंग सांगेल त्याच्याशी त्यांचा मेळ बसला. साडीच्या दुकानात आई अंजिरी साडी घेऊन दाराशी जायची, "उजेडात बघते," म्हणायची, तेव्हा ती याच यंत्रणेवर अविश्वास दाखवत होती.

2007 मध्ये कॉनवे, मूलर आणि त्साओ यांना आणखी खाली, कानशिलामागच्या भागात रंगाला तडतडणाऱ्या पेशींचे पुंजके सापडले. पुढच्याच वर्षी दावा आला की त्या पेशींची आवड लाल, हिरवा, निळा या शुद्ध रंगांभोवती गोळा झाली आहे. हेरिंग सापडला, पुन्हा! 2009 मध्ये केंब्रिजच्या जॉन मॉलन यांनी शांतपणे विचारलं, तुम्ही दाखवलेल्या रंगांची निवडच तशी असेल तर? पडद्यावरचे काही रंग शंकूंना मुळात जास्त ढवळत असतील, तर शिखरं तिथेच दिसणार. मला ही हरकत चोख वाटते. दीडशे वर्षांत एवाल्ड हेरिंग मेंदूत दोनदा सापडला आणि दोनदा निसटला.

माझ्या मते खरं चित्र पालटणारी गोष्ट जपानमधून आली, आणि तिची चर्चा त्या मानाने कमी झाली. 2007 मध्ये कोइडा आणि कोमात्सु यांनी माकडांना दोन कामं शिकवली. एकात दोन जवळच्या छटांतला बारीक फरक ओळखायचा. दुसऱ्यात त्याच छटा 'लालांत घाल की हिरव्यांत' अशा वाटायच्या. रंग तेच, माकड तेच, पेशीही तीच. काम बदललं की पुष्कळ पेशींचा प्रतिसाद बदलत होता. म्हणजे नावाने वाटण्या करायला सांगितल्या की पेशीचं बोलणं वेगळं, निव्वळ बघायला सांगितलं की वेगळं. 'लाल' ही पेशीची ठेव नसून तिच्याकडून करून घेतलेलं काम असेल, अशी शंका मला तेव्हापासून आहे. शुद्ध पिवळ्याचं घर अजून कुणी दाखवलेलं नाही.

मामा आज असते तर त्यांना एकच प्रयोग सांगितला असता. दक्षिण अमेरिकेतल्या खारमाकडांत नर सगळे मामांसारखे, लाल-हिरवा न ओळखणारे. एक्स गुणसूत्रावर त्यांच्याकडे एकच असं जनुक. मादीकडे दोन गुणसूत्रांवर दोन वेगळी जनुकं आली तर तिला ते रंग दिसतात. अमेरिकेत जे आणि मॉरीन नाइट्झ यांच्या गटाने अशा दोन प्रौढ नरांना पडद्यावरचा रंगीत ठिपका बोटाने दाखवायला शिकवलं, बरोबर आला की रसाचा घोट. मग निरुपद्रवी केलेल्या विषाणूवर घालून माणसाचं लांब तरंगलांबीचं जनुक त्यांच्या दृष्टिपटलात सोडलं. 2009 मध्ये निकाल छापून आला. नवी तार नव्हती, बालपण कधीच सरलं होतं, मेंदूला या कामाची सवय नव्हती. पाचेक महिन्यांनी, जनुक पुरेसं काम करू लागलं तेव्हा, करड्या ठिपक्यांच्या गर्दीतून जे रंग त्यांना आधी कधीच वेगळे काढता आले नव्हते ते त्यांनी काढून दाखवले.

त्यातल्या एकाचं नाव डाल्टन ठेवलं होतं. पडद्यावर ठिपका उजळला, डाल्टनने हात पुढे केला, बोट बरोबर त्याच्यावर टेकवलं, आणि तोंड नळीकडे वळवलं.